रुग्णाची फाइल आणि कायदा

रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन मुळात वैद्याच्या जिभेवर होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला दीक्षा देताना जे नियम घालून देतो, त्यांत रोग्याच्या घरात जे दिसेल-कळेल ते बाहेर बोलू नये, असा एक नियम आहे. रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे लक्षात आले, तरी जिथे ते सांगितल्याने त्याला किंवा त्याच्या माणसांना धक्का बसेल तिथे मौन पाळावे, असेही तिथे बजावले आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही असेच वचन आहे. दोन्हीकडे भरवसा एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेला. लिहून ठेवलेली नोंद फारशी नव्हतीच, त्यामुळे ती कोणाची, ती कोणी वाचावी, किती वर्षे जपावी, हे प्रश्न उभेच राहिले नाहीत.

राजसत्तेने या मौनाची दखल उशिरा घेतली आणि तीही देशोदेशी वेगवेगळ्या रीतीने. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेतील ३७८ व्या कलमाने रुग्णाचे गुपित फोडणाऱ्या वैद्य, शल्यवैद्य, औषधविक्रेते आणि सुइणींना एक ते सहा महिने कैद ठरवली. इंग्लंडने उलट वाट धरली. १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावर पहिला विवाह कायम असताना दुसरा विवाह केल्याबद्दल खटला चालला, तेव्हा तिच्या ओळखीच्या शल्यवैद्याने साक्ष देण्यास संकोच दाखवला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितले की, गुपित आपणहून फोडणे वैद्याच्या इभ्रतीला शोभणार नाही, पण न्यायालयाने विचारल्यावर त्याला बोलावेच लागेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८२८ मध्ये कायदा करून डॉक्टरला साक्षीपासून संरक्षण दिले. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने इंग्लंडचा कित्ता गिरवला. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला त्यात संरक्षण मिळाले, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला मिळाले नाही, आणि ती स्थिती आजही तशीच आहे.

विसाव्या शतकात रुग्णालये मोठी झाली आणि डॉक्टरच्या डोक्यात राहणारी माहिती फाइलमध्ये आली. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात खिडकीवर पैसे भरून मिळणारा केसपेपर हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप. नाव, वय, पत्ता, तक्रार, तपासणी, औषधे आणि खाली डॉक्टरची न वाचता येणारी सही. कागदाच्या या फाइलचे फार कोणी कौतुक केले नाही, पण तिच्या अडचणींतच तिचे संरक्षण होते. ती पाहायची तर रेकॉर्ड रूमपर्यंत जावे लागे, कारकुनाकडे मागावी लागे, गठ्ठा सोडावा लागे आणि एका वेळी एकच फाइल हाती येई. लबाड माणसाने फार तर मूठभर फायली पळवल्या असत्या. लाखो रुग्णांची माहिती एका रात्रीत चोरीला जाणे कागदाच्या काळात शक्य नव्हते. पुढचे सगळे कायदे ही नैसर्गिक अडचण संपल्यामुळे करावे लागले.

ती संपायला सुरुवात झाली १९६० नंतर. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय नोंदींसाठी ‘मम्प्स’ नावाची संगणकीय भाषा तयार झाली. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाची नोंद त्याच्या तक्रारींच्या क्रमाने कशी मांडावी याची पद्धत प्रसिद्ध केली. संगणकाला उमजेल असा आकार रुग्णाच्या फाइलला तिने दिला. १९७२ मध्ये इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेने रुग्णनोंदींची संगणकीय प्रणाली उभी केली. या लोकांचा हेतू चांगला होता. औषध चुकू नये, जुनी तपासणी पुन्हा करावी लागू नये, उपचारांतून शिकता यावे, एवढेच त्यांना हवे होते. खासगीपणाचा विचार त्या आराखड्यांत दुय्यम होता.

तो विचार आला सरकारी संगणकांच्या भीतीतून. जर्मनीतील हेस्से या राज्याने १९७० मध्ये जगातील पहिला डेटा संरक्षण कायदा केला. स्वीडनमध्ये त्याच वर्षीच्या जनगणनेवरून लोक धास्तावले होते. तिथे १९७३ मध्ये पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि माणसांच्या माहितीची संगणकीय नोंदवही ठेवायची तर सरकारी निरीक्षकांचा परवाना लागू लागला. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या समितीने विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखाली १९७३ मध्येच अहवाल दिला. आपली नोंद आहे हे माणसाला कळले पाहिजे, ती पाहता व दुरुस्त करता आली पाहिजे, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर संमती हवी, ही त्या अहवालातील तत्त्वे पुढे जगभरच्या कायद्यांचा पाया ठरली. फ्रान्सचा कायदा १९७८ चा. त्यानंतर युरोप परिषदेने २८ जानेवारी १९८१ रोजी १०८ क्रमांकाचा करार सह्यांसाठी खुला केला. आरोग्याची माहिती ही इतर माहितीपेक्षा नाजूक आहे आणि योग्य संरक्षण नसेल तर ती संगणकात घालूच नये, असे त्याच्या सहाव्या कलमात आहे. आरोग्याच्या माहितीला आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले ते इथे.

त्या काळी संगणकावरची माहिती म्हणजे नेमके काय होते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिलेल्या व्हेलन विरुद्ध रो या निकालात बारकाईने दिसते. न्यूयॉर्क राज्याने १९७२ मध्ये कायदा करून नशेसाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्या तीन प्रतींत लिहिणे सक्तीचे केले. एक प्रत ऑल्बनीच्या आरोग्य खात्याकडे जाई. महिन्याला सुमारे एक लाख चिठ्ठ्या येत. त्या ज्या खोलीत उघडल्या जात तिच्याभोवती कुलूपबंद तारेची जाळी आणि धोक्याची घंटा होती. चुंबकीय फिती कपाटात कुलपात ठेवलेल्या असत. त्या वापरताना संगणकाचा बाहेरच्या कोणत्याही यंत्राशी संबंध राहू देत नसत, आणि पाच वर्षांनी सगळे नष्ट करायचे होते. खात्याच्या १७ कर्मचाऱ्यांनाच या नोंदी पाहता येत. न्यायालयाने कायदा एकमताने वैध ठरवला, कारण ही व्यवस्था चोख होती. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र प्रचंड संगणकीय साठ्यांपासून खासगीपणाला असलेल्या धोक्याची जाणीव त्यात नोंदवून ठेवली. जाळी, कुलूप आणि १७ माणसे एवढ्यावर ज्या भरवशाने हा निकाल उभा होता, तो भरवसा वीस वर्षांत कालबाह्य झाला.

दरम्यान एक वेगळाच प्रश्न न्यायालयांत पोचला होता: फाइल कोणाची? कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील एका रुग्ण स्त्रीने आपल्या डॉक्टरकडे पूर्ण फाइलची प्रत मागितली. डॉक्टरने स्वतः लिहिलेले कागद दिले, पण आधीच्या डॉक्टरांचे अहवाल देण्यास नकार दिला. १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कागद डॉक्टरच्या मालकीचा असला तरी त्यावरची माहिती विश्वासाने सोपवलेली आहे, म्हणून रुग्णाला ती पाहण्याचा हक्क आहे. चार वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने जवळजवळ याच प्रश्नावर नेमका उलट निकाल दिला. तिथे रुग्णाला हा हक्क कायदा बदलल्यानंतरच मिळाला. त्याच १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलविरुद्धच्या एका प्रकरणात, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारण्यासाठी रुग्णालयांना गोपनीयतेची ढाल पुढे करता येणार नाही, असे म्हटले. ही बाब मोलाची आहे. गोपनीयता रुग्णासाठी असते. ती रुग्णाविरुद्धच वापरण्याची सवय जुनी आहे आणि ती मोडण्यात मुंबईचा हा निकाल ऑस्ट्रेलियाच्या पुढे होता.

अमेरिकेचा ‘हिपा’ कायदा आज जगात सर्वांत जास्त ऐकू येतो, पण तो खासगीपणासाठी झालाच नव्हता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २१ ऑगस्ट १९९६ रोजी सही केलेल्या या कायद्याचा मुख्य विषय नोकरी बदलल्यावर आरोग्यविमा टिकवण्याचा होता. विम्याचे दावे संगणकावरून एका ठरावीक नमुन्यात पाठवावेत, म्हणजे खर्च वाचेल, अशी त्यात तरतूद होती. दावे असे सरसकट फिरू लागले तर गुप्ततेचे काय, या शंकेवर संसदेने स्वतःलाच तीन वर्षांची मुदत घालून घेतली. मुदतीत कायदा झाला नाही तर आरोग्य खात्याने नियम करावेत, असे ठरले. मुदत टळली. खात्याने मसुदा काढला, त्यावर ५२,००० हून अधिक सूचना आल्या आणि डिसेंबर २००० मध्ये नियम जाहीर झाले. नेहमीच्या उपचारासाठी माहिती वापरतानाही डॉक्टरने आधी रुग्णाची संमती घ्यावी, अशी अट त्यांत होती. २००२ मध्ये बुश सरकारने ती काढून फक्त सूचना देणे पुरेसे मानले. १४ एप्रिल २००३ पासून हे नियम पाळणे बंधनकारक झाले. डॉक्टर, रुग्णालये, विमा कंपन्या आणि दाव्यांची देवघेव करणाऱ्या संस्था यांनाच ते लागू आहेत. मोबाइलवरील ॲपला माणसाने आपणहून दिलेली माहिती बहुधा त्यांच्या कक्षेबाहेर राहते. नियम मोडल्याबद्दल या कायद्याखाली रुग्णाला स्वतः दावाही लावता येत नाही.

नावे पुसली की माहिती निनावी होते, ही समजूत याच सुमारास कोसळली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचारी विमा आयोगाने सुमारे १,३५,००० कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वैद्यकीय नोंदी नाव-पत्ता वगळून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. राज्यपाल विल्यम वेल्ड १९९६ मध्ये एका समारंभात कोसळून रुग्णालयात दाखल झाले होते आणि ते केंब्रिज शहरात राहतात, हे सर्वांना ठाऊक होते. स्वीनी यांनी २० डॉलर देऊन केंब्रिजची मतदार यादी विकत घेतली. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण यादीत होते. त्यांत पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. निनावी म्हणून दिलेल्या नोंदींत राज्यपालांच्या भेटी, निदान आणि औषधे अशी सापडली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतील ८७ टक्के लोक ओळखता येऊ शकतात, असा निष्कर्ष त्यांनी पुढे २००० मध्ये मांडला. हिपाच्या नियमांत कोणते तपशील पुसले म्हणजे नोंद निनावी मानायची, याची काटेकोर यादी आली त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

२००९ च्या ‘हायटेक’ कायद्याने डॉक्टरांनी संगणकीय नोंदी वापराव्यात म्हणून अमेरिकी सरकारने पैसे दिले आणि काही वर्षांतच बहुतेक रुग्णालये कागदावरून संगणकावर आली. ५०० किंवा त्याहून अधिक लोकांची माहिती फुटली तर सरकारला लगेच कळवणे सक्तीचे झाले आणि ती प्रकरणे सरकार उघडपणे प्रसिद्ध करू लागले. चोरी किती मोठी होऊ शकते हे त्यामुळे निदान दिसू लागले: २०१५ मध्ये ॲन्थम या एकाच विमा कंपनीतून सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली. याच कायद्याच्या आधारे आरोग्य खात्याने २०११ मध्ये आणखी एक प्रस्ताव मांडला होता. आपली संगणकीय फाइल कोणकोणत्या व्यक्तींनी उघडली याची यादी रुग्णाने मागितल्यास ती द्यावी लागेल, असा तो प्रस्ताव. रुग्णालयांनी खर्च आणि कामाचा बोजा ही कारणे देऊन जोरदार विरोध केला. प्रस्तावाचा नियम कधीच झाला नाही. हिपाच्या साऱ्या जाडजूड नियमावलीत यापेक्षा मोठी उणीव नाही.

आइसलँडमध्ये प्रश्न वेगळ्या बाजूने आला. तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्या, शतकानुशतकांच्या वंशावळी आणि सर्वांच्या वैद्यकीय नोंदी यांमुळे हे बेट आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना खजिना वाटे. डीकोड जेनेटिक्स या कंपनीचे संस्थापक कारी स्टेफानसन यांच्या पुढाकाराने सर्व नागरिकांच्या नोंदींचा एक राष्ट्रीय साठा करण्याचा कायदा डिसेंबर १९९८ मध्ये संमत झाला आणि २००० मध्ये कंपनीला बारा वर्षांचा एकाधिकार मिळाला. संमती गृहीत धरली होती. ज्याला नको त्याने तसे कळवायचे. सुमारे वीस हजार लोकांनी कळवले. मृतांना कळवता येत नव्हते, आणि पेच तिथेच पडला. एका विद्यार्थिनीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी साठ्यात जाऊ नयेत म्हणून अर्ज केला. अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. ती न्यायालयात गेली. वडिलांच्या आनुवंशिक माहितीतून मुलीविषयीही निष्कर्ष काढता येतात, म्हणून यात तिचे स्वतःचे खासगीपण गुंतले आहे, हा युक्तिवाद आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २००३ रोजी मान्य केला. ओळख सांकेतिक केली जाईल एवढे आश्वासन पुरेसे नाही, संरक्षणाच्या अटी कायद्यातच असल्या पाहिजेत, असेही न्यायालयाने म्हटले. तो साठा कधी उभा राहिला नाही. एकाची वैद्यकीय नोंद ही त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांचीही नोंद असते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा निकाल विरळा.

ब्रिटनने कायद्यापेक्षा माणसांवर भिस्त ठेवली. डेम फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७ मध्ये साधी कसोटी दिली: रुग्णाची ओळख पटवणारी माहिती वापरण्याचे कारण सांगता आले पाहिजे, टाळता येत असेल तर ती वापरू नये, वापरलीच तर कमीत कमी वापरावी. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील प्रत्येक संस्थेत यासाठी एक वरिष्ठ जबाबदार व्यक्ती नेमली गेली आणि तिला आजही कॅल्डिकॉट रक्षक म्हणतात. एवढी परंपरा असूनही ‘केअर डॉट डेटा’ ही योजना फसली. प्रत्येकाच्या फॅमिली डॉक्टरकडील नोंदी एका मध्यवर्ती साठ्यात आणायच्या होत्या. जानेवारी २०१४ मध्ये घरोघरी पत्रके टाकली. त्यांत योजनेचे नाव नव्हते आणि नकार देण्याचा अर्जही नव्हता. तेवढ्यात रुग्णालयांतील जुना डेटा विमा-गणित करणाऱ्यांच्या एका संस्थेला मिळाल्याची बातमी आली. महिन्याभरात योजना थांबवावी लागली, दहा लाखांहून अधिक लोकांनी नकार नोंदवला आणि जुलै २०१६ मध्ये ती गुंडाळली गेली. संशोधनाचे नुकसान झाले ते लोकांच्या संकुचितपणामुळे नाही. विचारण्याची साधी रीत सरकारने पाळली नाही म्हणून झाले.

या सगळ्या प्रकरणांत मुळाशी जाणारे प्रकरण फिनलंडचे आहे. एक स्त्री १९८९ पासून सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात मुदतीच्या करारावर परिचारिका होती. त्याच रुग्णालयाच्या संसर्गजन्य रोग विभागात ती १९८७ पासून एचआयव्हीसाठी उपचार घेत होती. १९९२ च्या सुरुवातीला सहकाऱ्यांच्या वागण्यावरून तिला संशय आला की त्यांना कळले आहे. तेव्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना रुग्णनोंदी मुक्तपणे पाहता येत. तिने आपल्या डॉक्टरला सांगितल्यावर नोंदी फक्त उपचार करणाऱ्या विभागापुरत्या मर्यादित केल्या गेल्या आणि तिचे नावही बदलून टाकले गेले. १९९५ मध्ये तिचा करार पुढे वाढवला नाही. आपली फाइल कोणी उघडली हे तिने रीतसर विचारले. उत्तर आले की, सांगता येत नाही. प्रणालीत शेवटच्या पाचच वापरांची नोंद राही, तीही विभागाच्या नावाने, व्यक्तीच्या नावाने नाही. आणि फाइल दप्तरात परत गेली की तेवढीही पुसली जाई. फिनलंडच्या न्यायालयांत ती हरली, कारण कोणी फाइल बेकायदा पाहिली हे तिला सिद्ध करता आले नाही.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी हे तर्कशास्त्र उलटवले. पुरावा ठेवण्याची व्यवस्थाच रुग्णालयाने केली नाही आणि वर पुरावा नाही म्हणून रुग्णाला हरवले, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. माहिती फुटल्यावर भरपाई मागता येते एवढे पुरत नाही. अनधिकृत माणसाला ती मुळात पाहताच येऊ नये अशी प्रत्यक्ष व्यवस्था राज्याने केली पाहिजे, असा निर्णय देऊन न्यायालयाने मानवाधिकार कराराच्या, खासगी आयुष्याच्या हक्काविषयीच्या, आठव्या कलमाचा भंग झाल्याचे ठरवले. वैद्याच्या मौनापासून सुरू झालेला प्रवास इथे नव्या टप्प्यावर आला. फाइल उघडणाऱ्याचे नाव आणि वेळ कायमची नोंदलेली असणे हा त्यापुढे गोपनीयतेचाच भाग झाला.

हे तत्त्व पूर्ण अमलात आणले ते एस्टोनियाने. २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य प्रणालीत नागरिक आपल्या ओळखपत्राने प्रवेश करतो आणि आपली नोंद कोणत्या डॉक्टरने, कधी पाहिली हे त्याला घरबसल्या दिसते. विनाकारण डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. नोंद एखाद्या तज्ज्ञापासून झाकून ठेवण्याची सोयही रुग्णाला आहे. तेरा लाखांच्या देशात हे सोपे आहे असे म्हटले जाते. पण मागोवा ठेवणे हे संगणकाचे सर्वांत स्वस्त काम आहे. तो रुग्णाला दाखवायचा की नाही, हा इच्छेचा प्रश्न आहे.

२५ मे २०१८ पासून युरोपीय संघात जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा लागू झाला. त्याच्या नवव्या कलमाने आरोग्याची, आनुवंशिक आणि शरीरचिन्हांची माहिती विशेष वर्गात टाकली. ती वापरण्यास मुळात बंदी, आणि संमती, उपचार, सार्वजनिक आरोग्य अशी मोजकी अपवादाची कारणे. दंड दोन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जो जास्त तो. कायद्याच्या या कडक रूपानेही सगळे वाचत नाही. २०२० मध्ये फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी चोराच्या हाती लागल्याचे उघड झाले. कंपनीने खंडणी दिली नाही तेव्हा त्याने रुग्णांनाच पत्रे धाडून पैसे मागितले. समुपदेशकाला सांगितलेल्या गोष्टी जगजाहीर होण्याची ती धमकी होती. असे नुकसान कोणत्याही दंडाने भरून येत नाही. त्याआधी २०१८ मध्ये सिंगापूरच्या सिंगहेल्थ या रुग्णालय समूहातून १५ लाख रुग्णांची माहिती गेली होती आणि तीत तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लुंग यांच्या औषधांची नोंदही होती. ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय आरोग्य नोंद सर्वांसाठी आपोआप उघडण्याचे ठरवले, तेव्हा जानेवारी २०१९ पर्यंत सुमारे दहा टक्के लोकांनी नकार कळवला. मार्च २०२५ मध्ये युरोपने आरोग्य डेटा क्षेत्राचा नियम अमलात आणला. एका देशातील रुग्णाची नोंद दुसऱ्या देशातील डॉक्टरला मिळावी आणि संशोधनाला नियंत्रित वाट मिळावी, हा त्याचा हेतू असून मुख्य तरतुदी २०२९ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतील.

भारतात नियम आले ते तुकड्यातुकड्यांनी. १९७१ च्या गर्भपात कायद्याखाली दाखल स्त्रियांची नोंदवही गोपनीय ठेवायची असते. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक केले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेची स्वतंत्र कलमे आहेत. एचआयव्हीचा कायदा यायला उशीर झाला, हे १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून दिसते. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला लागण असल्याचे रुग्णालयाला कळले, ते त्याच्या नात्यागोत्यात पोचले, ठरलेले लग्न मोडले आणि समाजात राहणे अवघड झाले. न्यायालयाने होणाऱ्या पत्नीच्या जिवाचा हक्क मोठा मानून रुग्णालयाची बाजू उचलून धरली. तो अपवाद समजण्यासारखा आहे. पण वधूला सावध करणे आणि गावभर बोभाटा होणे यांत फरक आहे, आणि त्या फरकाची जबाबदारी तेव्हा कोणावरच पडली नाही.

संगणकीय नोंदींसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली २०११ मध्ये नियम झाले. वैद्यकीय इतिहास ही संवेदनशील माहिती, असे त्यांत म्हटले आहे, पण ते कलम कंपन्यांसारख्या संस्थांपुरते असल्याने सरकारी रुग्णालये बहुतांशी त्याबाहेर राहिली. देशातल्या गरिबांच्या नोंदी नेमक्या तिथेच असतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘दिशा’ नावाचा कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. आरोग्याच्या माहितीचा मालक रुग्णच, असे त्यात स्वच्छ लिहिले होते आणि गंभीर गुन्ह्याला कैदेची शिक्षा होती. आरोग्याच्या डेटासाठीच केलेला भारतातला हा एकमेव मसुदा. तो संसदेत गेलाच नाही. सर्वसाधारण डेटा कायद्यात हा विषय येईल, असे सांगण्यात आले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि नागरिकांच्या आरोग्य-ओळखीचे चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक निघू लागले. त्यामागे आरोग्य डेटा व्यवस्थापनाचे २०२० चे धोरण आहे, संसदेचा कायदा नाही. पुढच्या वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सचे संगणक हल्ल्याने बंद पडले आणि देशातील सर्वांत मोठ्या नावाच्या रुग्णालयात अनेक दिवस हाताने कागद भरावे लागले.

सर्वसाधारण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे आणि सरकारी संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. मात्र २०११ च्या नियमांत असलेला संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग त्यात नाही. एचआयव्हीचा अहवाल आणि किराणा दुकानाच्या यादीतला फोन नंबर यांना एकच माप. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कोण पाहते याची संगणकीय नोंद ठेवून ती वर्षभर जपावी, असे नियमांत आहे. कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, आपली माहिती दुसऱ्या कोणत्या संस्थांना दिली हे रुग्णाला विचारता येते. रुग्णालयातल्या कोणत्या माणसाने आपली फाइल उघडली, हे विचारण्याचा हक्क त्या कलमात नाही. फिनलंडमधील परिचारिकेने विचारलेला प्रश्न भारतातला रुग्ण विचारेल, तेव्हा त्याची नोंद कदाचित संगणकात असेल, पण ती त्याला दाखवण्यास रुग्णालय बांधील नसेल. आरोग्य मंत्रालयाने ‘दिशा’चा मसुदा पुन्हा हाती घेऊन ही एक तरतूद आधी करावी.